आवाज खणखणीत आहे

आमचं कुमेगावा घराणं एका खोकल्यावर तगलेलं आहे. थट्टा नाही. घराण्याच्या इतिहासात हे लिहिलेलं नाही एवढंच, पण स्वयंपाकघरातल्या पोरीसोरींनाही ते पाठ आहे.

पणजोबा मूलबाळ न होता अचानक गेले. धनी निपुत्रिक मेला की शोगुनचं सरकार जहागीर खालसा करतं, आणि पदरचे शिपाई-कारकून बायकापोरांसकट रस्त्यावर येतात. यावर तोड एकच. मरायच्या आधी धन्याने दत्तक घ्यायचा, आणि धनी शुद्धीत आहे, आपल्या हाताने मोहोर उठवतो आहे, हे सरकारी तपासनिसाने घरी येऊन पाहायचं. आता, मरणारा माणूस तपासनिसाची वाट बघत थांबतो होय? म्हणून साऱ्या एदो शहराने मिळून एक रीत पाडली. धनी मेला तरी मेला म्हणायचं नाही, कोणी रडायचं नाही. अंथरुणापुढे घडीचा पडदा उभा करायचा. तपासनीस पडद्याबाहेर बसून विचारतो, "प्रकृती कशी आहे?" आत लपलेला एखादा चाकर खोकतो. तपासनीस म्हणतो, "आवाज खणखणीत आहे, आनंद वाटला." आतून मोहोर उठवलेला कागद बाहेर येतो. चहा होतो, तपासनीस जातो, आणि मग चार-सहा दिवसांनी धनी वारल्याचं जाहीर होतं. पडद्याआड डोकवायचं नाही हा तपासनिसाचा मोठेपणा. त्या मोठेपणावर एदोतली निम्मी घराणी उभी आहेत.

पणजोबांच्या वेळी खोकला काढला होता पागेतल्या हासेबे नावाच्या माणसाने. असा काही खोकला, की तपासनिसाने औषध सुचवलं म्हणे. आजोबा दत्तक आले, घर वाचलं आणि हासेबे पागेतून थेट कारभारी झाला. तेव्हापासून कारभार हासेब्यांकडेच आहे. लहानपणी आम्ही भावंडं त्यांना पाठीमागे 'खोकलेकर' म्हणायचो.

मी नुई. नवरा वारल्यावर केस कापून माहेरी परत आलेली, तोंडाने फटकळ, आणि या घरचे धनी तादाचिका यांची थोरली बहीण. बाहेर तो तादाचिका. मी त्याला लहानपणीच्या नावानेच हाक मारते, हिको.

त्या उन्हाळ्यात हिको किल्ल्यावर हजेरीला निघाला होता. दरबारी पोशाख अंगावर चढवता चढवता तो उभ्याचा आडवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि बोलणं बसलं. उरला एकच उच्चार, "ना". तहान लागली तरी ना, माशी हाकल म्हणायचं असलं तरी ना. पण डोळे त्याचेच होते. मी काही सांगितलं की ते हसायचे, चिडायचे, सगळं करायचे. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन मान हलवली. त्यांना मान हलवण्याचेच पैसे मिळतात.

कागदोपत्री हिकोला मूल नव्हतं, पण घरात होतं. ओफुसा नावाच्या दासीपासून त्याला वसंतात मुलगा झाला होता, तोरामारू. आमच्याकडे मूल झाल्याबरोबर सरकारात कळवत नाहीत. तान्ही जीव धरतीलच असं नसतं. कळवायचं आणि मग मेल्याचंही कळवायचं, यापेक्षा पोर जगतंय असं दिसलं की कळवायचं. हिकोने ठरवलं होतं, उष्टावण झालं की कळवू. उष्टावणाच्या ताटात ठेवायचा तो गुळगुळीत गोटासुद्धा त्याने स्वतः नदीवरून वेचून आणला होता. पोराचे दात तसे घट्ट यावेत म्हणून ठेवतात. गोटा त्याच्या उशाशी होता आणि उष्टावण राहूनच गेलं.

तपासनीस येणार त्याच्या आदल्या दिवशी हासेबे माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसला. हा खोकलेकरांचा नातू. साठीचा, ताठ पाठीचा, आणि खरं सांगायचं तर घरासाठी जीव टाकणारा माणूस. हा लबाड असता तर मला ते फार सोपं गेलं असतं.

"ताईसाहेब, उद्या दुपारी तपासनीस इनामीसाहेब येतायत. दत्तकाचा कागद तयार आहे."

"कोणाचा दत्तक?"

"तोयोबे घराण्यातले तिसरे चिरंजीव, कोशिरो. बाविशीचे आहेत. धडधाकट."

"आणि तोरामारू?"

"त्याचं पुढे बघू."

"पुढे म्हणजे कधी? कोशिरोला मुलं झाल्यावर? तेव्हा तोरामारूला पागेत घालाल. तुमच्या आजोबांची जागा रिकामीच आहे."

हासेबेचा चेहरा हलला नाही. टोमणे त्याला सवयीचे होते.

"ताईसाहेब, मनात येईल ते बोला. पण मला एक सांगा. ते पोर सरकारात नोंदलेलं नाही. उद्या मी नोंदवलं आणि परवा त्याला देवी आल्या तर? आणि तेरवा धनी गेले तर? आपल्या पदरी शंभर चुली आहेत. धन्यांना पोर दिसतं. मला त्या चुली दिसतात."

"हिकोला विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"ते एकच तर म्हणतात."

"मग तोच त्याचा जबाब. ना."

"तहान लागली तरी ना म्हणतात, ताईसाहेब." तो खाली बघत म्हणाला. "उद्या पडद्याआड तुम्ही बसा. बाईमाणूस उशाशी असलेलं शोभतं. मोहोर उठवायच्या वेळी मी आत येईन, तुम्ही फक्त हात धरा."

"धनी जिवंत आहेत, हासेबे. पडदा कशाला हवाय?"

"अशा अवस्थेत धन्यांना परक्याने पाहू नये," तो म्हणाला, आणि मला ते पटलं. माझी अक्कल तिथे शेण खायला गेली होती. मी त्याला एवढंच विचारलं, "आणि मी तोंड उघडलं तर?"

"तर कागद होणार नाही. आणि त्यानंतर धनी गेले, तर त्या शंभर चुलींपुढे जाऊन तुम्ही सांगा. मला ते जमणार नाही."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हासेबेचं बोलणं काट्यासारखं रुतून बसलं होतं. तो म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरीही ते माझ्या भावाला जिवंतपणी पुसून टाकणं होतं.

सकाळी मी हिकोपाशी गेले. त्याचं तोंड पुसलं, जवाचा थंड चहा चमच्याने पाजला आणि सगळं काही न लपवता सांगितलं. कोशिरोचं नाव ऐकताच त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली. डावा हात शाबूत होता, आणि एका हाताला दोन हातांचं बळ आलं होतं. बाही टरकली.

"ना," तो म्हणाला. "ना. ना."

"मला नको सांगू. तपासनिसाला सांग. तो विचारेल, तुमची मर्जी आहे का. तेव्हा असंच ओरड. तो काही बहिरा नाही."

हिकोचे डोळे हसले. मलाही हायसं वाटलं. मला तोंड उघडायला नको, चुलींचं ओझं माझ्या डोक्यावर नको. धनी स्वतःच नाही म्हणतील आणि विषय संपेल. खोकल्यावर तगलेल्या घरात जन्मलेली मी, आणि मला इतकी साधी गोष्ट सुचली नाही.

दुपारी उकाडा असा होता की झाडावरचे किडेसुद्धा थकून गप्प झाले होते. हासेबेने खोलीत पडदा उभा करून घेतला, बगळ्यांचं चित्र असलेला, घराण्यातला सगळ्यात मोठा. मग चाकर आले आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना उदबत्त्यांचे जुडगे लावून गेले. एक-दोन काड्या नव्हेत, जुडगेच्या जुडगे. वर कापराच्या वड्या. धुराने हिकोला ठसका लागला.

"एवढा धूर कशाला?" मी पडद्याआडून विचारलं.

हासेबेने कापराची आणखी एक वडी टाकली. त्याच क्षणी मला कळलं. उन्हाळ्याच्या दिवसांत एवढ्या उदबत्त्या घरात एकाच कारणासाठी लावतात. वास झाकायला. इनामीसाहेब दारातून आत पाऊल टाकतील, नाकाला उदबत्ती लागेल, डोळ्यांना पडदा दिसेल, आणि आतला माणूस कधीच गेलाय हे न विचारता समजून जातील. त्यानंतर आतून खोकला येवो, कण्हणं येवो की ना येवो.

मी उठायला गेले आणि बाहेरून वर्दी आली, "तपासनीससाहेब आले."

इनामीसाहेब गोल चेहऱ्याचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. पडद्याच्या फटीतून मला ते दिसत होते. बरोबर दोन लेखनिक. ते बसले, त्यांनी नाकाने एकदा श्वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खरी कणव आली की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. भला माणूस होता तो. सगळा घोटाळा तिथेच होता.

"प्रकृती कशी आहे?" त्यांनी पडद्याकडे तोंड करून रीतीप्रमाणे विचारलं.

"अशक्तपणा फार आहे," हासेबे बाहेरून म्हणाला, "पण शुद्धीत आहेत."

"ना!" हिको ओरडला.

"आवाज खणखणीत आहे," इनामीसाहेब म्हणाले. "आनंद वाटला."

"ना! ना!"

इनामीसाहेबांनी पंखा तोंडापुढे धरला आणि हासेबेकडे थोडं झुकून हळूच म्हणाले, "आत बसवलाय त्याला सांगा, इतकं जोरात नको. माणूस तयारीचा आहे, पण आजारी माणूस इतकं ओरडत नाही."

हासेबेने मान खाली घातली. पडद्याआड हिकोने माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी जन्मात विसरणार नाही. आपण मेलेलो आहोत हे त्याला तेव्हा कळलं.

एका लेखनिकाने कागद वाचला. कुमेगावा तादाचिका, अपत्य नाही, आजारी, सबब तोयोबे घराण्यातील कोशिरो यांस दत्तक घेऊन घराण्याची गादी त्यांस देत आहेत.

"हे आपल्या मर्जीने होत आहे ना?" इनामीसाहेबांनी विचारलं.

हिकोने डोकं उशीवरून उचललं. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. त्याच्या तोंडून निघालं ते ना नव्हतंच. जनावराला गळ्यात दोरी आवळल्यावर निघतो तसा आवाज होता तो. बाहेर कोणीतरी अवघडून घसा खाकरला.

"होकार दिला," इनामीसाहेब लेखनिकाला म्हणाले. "लिहून घ्या. आता मोहोर होऊ द्या."

हासेबे गुडघ्यांवर सरकत पडद्याआड आला. त्याच्या एका हातात कागद, दुसऱ्या हातात मोहोर, आणि तोंडावर घामाच्या धारा. त्याने हिकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला ते जमलं नसतं. त्याने मोहोर हिकोच्या मेलेल्या उजव्या हातात ठेवली आणि बोटं मिटवली. बोटं पुन्हा उघडली. मोहोर चटईवर पडली.

"ताईसाहेब, हात धरा."

मी हलले नाही.

"ताईसाहेब, पाया पडतो. शंभर चुली आहेत."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कारभारी पाया पडतो म्हणाला असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही. मला त्या चुली दिसल्या. पागेमागच्या खोल्यांतून राहणाऱ्या बायका दिसल्या, त्यांची नावं मला पाठ आहेत. मी हात पुढे केला. हिकोचा उजवा हात धरला. तो हात जड आणि गार होता. हासेबेने त्यात पुन्हा मोहोर बसवली आणि मी माझी बोटं त्याच्या बोटांवर आवळली.

तेव्हा हिकोने डाव्या हाताने उशाशी चाचपडून तो उष्टावणाचा गोटा उचलला आणि शाईच्या तबकावर आपटला. तबक उलटलं. लाल शाई पांघरुणावर, हासेबेच्या बाहीवर, माझ्या मांडीवर उडाली. तो गोटा माझ्या गुडघ्याला येऊन लागला आणि तिथेच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हिकोचा उजवा हात सोडला.

"तपासनीससाहेब," मी मोठ्याने म्हणाले. "माझा भाऊ जिवंत आहे."

"हो तर," बाहेरून मऊ आवाज आला. "तसंच लिहून घेतलंय, बाईसाहेब."

"रीतीतलं जिवंत नव्हे. खरोखर जिवंत आहे!"

"खरोखरच. आम्हाला शंकाच नाही."

"अहो, तुम्ही मघाशी ऐकलंत ते तोच बोलत होता! तो नाही म्हणतोय!"

"फारच उत्तम आवाज आहे," इनामीसाहेब म्हणाले. आणि मग हासेबेला उद्देशून, अगदी मायेने, "बाईसाहेबांना थोडं आत न्या. थोरल्या बहिणीचं दुःख आहे, आम्ही समजतो. कागद जरा उशिरा मिळाला तरी चालेल."

 खरं सांगायला जे जे शब्द होते ते सगळे या रीतीने आधीच वापरून गुळगुळीत करून टाकले होते. मी उभी राहिले आणि बगळ्यांच्या पडद्याला दोन्ही हातांनी ढकललं.

तो दाणकन पडला. उदबत्त्यांची भांडी उलटली, राख उडाली. हासेबे ओरडला. आणि बाहेर बसलेल्या त्या तिघांनी काय करावं? दोन्ही लेखनिकांनी कपाळं चटईला टेकवली. इनामीसाहेबांनी पंखा उघडून डोळ्यांवर घट्ट धरला.

"पडदा उभा करा," ते म्हणाले. आवाज आता कापत होता. "बाईसाहेब, मी काही पाहिलेलं नाही. हे दोघे कोणाला काही सांगणार नाहीत. तुमचं घर बुडणार नाही, मी शब्द देतो. पण आधी तो पडदा उभा करा!"

तो माणूस आम्हाला वाचवत होता. डोळे मिटून आमच्या घरावर उपकार करत होता, आणि माझा भाऊ त्याच्यासमोर पडून त्याच्याकडे टक लावून बघत होता.

मी गेले आणि त्यांचं मनगट धरलं. सरकारी तपासनिसाचं मनगट एका विधवेने धरायचं, यासाठी माझं डोकं उडवलं असतं तरी कोणी बोट दाखवलं नसतं. ते मागे ओढू लागले, पण पंखा डोळ्यांवरून काढायचा नाही म्हणून एकाच हाताने झटत होते. मी सारं बळ लावून ओढलं. ते गुडघ्यांवर घसरत अंथरुणापर्यंत आले. मी त्यांचा हात हिकोच्या डाव्या हातात दिला.

हिकोने मूठ आवळली.

इनामीसाहेब किंचाळले. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशा खोलीत त्यांचा हात कोणी धरलेला नव्हता. ते हात सोडवू लागले, आणि हिको सोडेना. पंखा खाली पडला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. एकाच्या वाकड्या तोंडातून लाळ गळत होती, कपाळावर घाम होता. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता, आणि बाहेरून बघणाऱ्याने मेलेला कोण हे चुकवलंच असतं.

"हात... हात ऊन आहे," इनामीसाहेब म्हणाले.

 पडलेल्या पडद्यावर राखेतून धूर निघत होता, ती एका लेखनिकाने बाहीने विझवली.

मग इनामीसाहेबांनी पाठ सरळ केली. हात अजून हिकोच्या मुठीतच होता. त्यांनी विचारलं, आणि या खेपेला ते खरोखर विचारत होते, "कुमेगावासाहेब, हा दत्तक आपल्याला मान्य आहे?"

"ना," हिको म्हणाला. हळूच म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती.

"साहेबांनी नकार दिला," इनामी लेखनिकाला म्हणाले. "मघाचं खोडा."

हासेबे चटईवर कपाळ टेकवून बसला होता. शाईने लाल झालेल्या बाहीकडे त्याचं लक्ष नव्हतं. "आणि धनी उद्या गेले तर?" तो जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला. "साहेब, उद्या गेले तर? सरकारी दप्तरात या घराला मूल नाही."

मी तोवर आत धावले होते. ओफुसा दाराआड पोराला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पोर मागितलं तर देईना.

"दे गं बाई. त्याचा बाप बोलावतोय."

"खरंच बोलावतायत?"

"तूही आता मला तेच विचार," मी म्हणाले, आणि पोर घेतलं.

तोरामारूला मी हिकोच्या छातीवर ठेवलं. तपासनिसाचा हात सोडून हिकोने आपला हात पोराच्या डोक्यावर ठेवला आणि इनामींकडे पाहिलं. पोराने बापाच्या वाकड्या ओठाला बोट लावलं आणि ओढलं. इनामींनी स्वतः कुंचला हातात घेतला. मुलाचं नाव विचारलं, मी सांगितलं. प्रकृती विचारली, तोरामारूने उत्तरादाखल टाहो फोडला. "आवाज..." इनामींनी सुरुवात केली आणि तिथेच थांबले. पुढचं त्यांना म्हणवेना. नोंद मुकाट्याने लिहिली.

मग हासेबे उठला. अंगावरचं वरचं वस्त्र त्याने नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि कमरेच्या आखूड तलवारीला हात घातला. आमच्या लोकांत एखाद्याने असं केलं की काय होणार ते सांगावं लागत नाही. तो हिकोपुढे बसला.

"धनी तीन वेळा नाही म्हणाले," तो म्हणाला. "मी तिन्ही वेळा हो ऐकलं. आजोबांनी मेलेल्या धन्यांना जिवंत केलं होतं. मी जिवंत धन्यांना मारायला निघालो होतो. पोट चिरून घ्यायची परवानगी असावी."

मी अडवायला पुढे झाले नाही. खरं तेच लिहायचं तर, त्या घटकेला माझी हरकतही नव्हती.

"ना," हिको म्हणाला.

हासेबे थांबला. हात मुठीवर तसाच. "धनी?"

"ना."

"तहान लागलीय का धन्यांना?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा फुटला. साठीचा, ताठ पाठीचा हासेबे, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तलवार त्याने माझ्यापुढे सरकवली. मी ती उचलून लांब ठेवली. त्याच्यावर मी अजून चिडलेलीच आहे, पण त्या दिवसानंतर खोकलेकर म्हणाले नाही.

हिको पुढे जगला. वैद्यबुवांच्या मानेला न जुमानता, तोरामारूला घोड्यावर बसताना पाहीपर्यंत जगला. बोलला मात्र तेवढंच, आणि घरात त्याच्या त्या एका शब्दाला पुन्हा कोणी दुसरा अर्थ लावला नाही. उष्टावण आम्ही उशिराच केलं. गोट्यावरची शाई घासूनही निघाली नाही, म्हणून ताटात तो तसाच लाल ठेवला.

पण त्या दुपारचं एवढ्यात संपलं नव्हतं. तपासनीससाहेबांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. रीतीने हासेबेने जायचं, पण तो रडून रडून उठण्याच्या अवस्थेत नव्हता. बाहेर पालखी उभी होती. भोई उन्हात माना पुसत होते. इनामीसाहेब पालखीपाशी गेले, एक पाय आत ठेवला, आणि तसेच उभे राहिले. उजव्या तळहाताकडे बघत होते. तिथे हिकोच्या नखांचे वळ उठले होते.

"बाईसाहेब, मी असे कागद खूप केले," ते म्हणाले. "सगळी घरं वाचली. लोक नववर्षाच्या सणाला मासे पाठवतात."

"हो साहेब."

"गेल्या शरदात एका घरी गेलो होतो. नाव सांगत नाही. उदबत्त्या होत्या, पडदा होता. सगळं रीतसर." ते थांबले. "पडद्याआड कोणीतरी रडत होतं. पुरुषाचा आवाज होता. हळू, एकसारखा. मला वाटलं, चाकर नवखा आहे, त्याला खोकायला जमत नाही."

त्यांनी तो तळहात मिटला.

"मी म्हटलं, आवाज खणखणीत आहे. आनंद वाटला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मऊ चेहऱ्याचा, भला माणूस. "तुम्हाला काय वाटतं, बाईसाहेब? कोण असेल तो?"

मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं घर म्हणतं. पण त्या प्रश्नाला मी फक्त वाकून नमस्कार केला.  मग त्यांनी पालखीतला पाय बाहेर काढला आणि भर उन्हात रस्त्याने चालू लागले. भोयांनी एकमेकांकडे पाहिलं, रिकामी पालखी उचलली आणि त्यांच्या मागून निघाले.